वरचं स्टेशन, खालचं स्टेशन

सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या खांबांना आजवर किती हात रंग लागला असेल, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पण थरावर थर चढूनही लोखंडातली अक्षरं पुरती बुजलेली नाहीत. हार्बरच्या फलाटाकडे जाताना एखाद्या खांबापाशी थांबून बोटं फिरवली, तर ‘जीआयपीआर’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि ‘१९२१’ एवढं हाताला लागतं. काही ठिकाणी ‘ग्लेनगार्नॉक स्टील’ असंही वाचता येतं. ग्लेनगार्नॉक हे स्कॉटलंडमधलं पोलादाच्या कारखान्याचं गाव. तिथलं पोलाद बोटीत भरून मुंबईला आलं आणि डोंगरीच्या डोक्यावर उभं राहिलं. शंभर वर्षं उलटून गेली, तरी हार्बरची प्रत्येक गाडी त्याच पोलादाच्या खांद्यावरून जाते.

सकाळी साडेनऊला तिथे थांबून बोटं फिरवण्याइतका वेळ कुणाला असतो म्हणा!

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालं की मस्जिद आणि त्यानंतर हे स्टेशन. अंतर अवघं दोनेक किलोमीटर. मेन लाइनची फास्ट गाडी इथे थांबत नाही, धडधडत निघून जाते. स्लो थांबते तीही उभी राहिल्यासारखं करण्यापुरती. पण मुंबईच्या उपनगरी रेल्वेत अशी दुमजली स्टेशनं बोटावर मोजण्याइतकीच. खाली मेन लाइनचे फलाट आणि त्यांच्यावर, तिरकस आडवे पडलेले, हार्बरचे. हार्बरचे रूळ टर्मिनसमधून पश्चिमेच्या अंगाने निघतात आणि गोदी तर पूर्वेला. कुठेतरी मेन लाइन ओलांडणं भाग होतं. ती ओलांडण्याची जागा म्हणजे सँडहर्स्ट रोड. वरच्या फलाटावर उभं राहिलं की पायाखालून कल्याणची गाडी जाते आणि तिची थरथर चपलेच्या तळव्याला कळते.

हे स्टेशन का झालं, ते सांगायचं तर सुरुवात रेल्वेपासून करून चालत नाही. ती उंदरांपासून करावी लागते. पण त्याआधी या पट्ट्याची थोडी ओळख.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तीन इंजिनं जोडून आणि चारशे पाहुणे घेऊन. ती याच पट्ट्यातून गेली, पण तेव्हा इथे थांबण्यासारखं काही नव्हतं. पश्चिमेला डोंगरी आणि उमरखाडी, पूर्वेला माझगाव, खाली मांडवी अशी वस्ती मात्र जुनी. डोंगरीचं नाव तर इंग्रजीतही जाऊन बसलंय. इथे विकलं जाणारं जाडंभरडं कापड ‘डंगरी’ म्हणून साहेबाच्या बाजारात गेलं आणि पुढे कामगारांच्या विजारीला ते नाव चिकटलं. आज मॉलमध्ये लहान मुलांसाठी डंगरी घेणाऱ्या किती आईबापांना हे ठाऊक असेल?

शेजारच्या स्टेशनाची गोष्टही अशीच. ‘मस्जिद’ हे नाव ज्या मशिदीवरून पडलं ती मुसलमानांची नव्हे, ज्यूंची, असं मानलं जातं. बेने इस्रायली समाजातल्या सॅम्युअल इझिकिएल दिवेकरांनी १७९६मध्ये इथे प्रार्थनामंदिर बांधलं, मुंबईतलं पहिलं. कोकणातून आलेला हा समाज घरात मराठी बोलणारा आणि आपल्या प्रार्थनास्थळालाही ‘मशीद’च म्हणणारा. मुंबईचे स्टेशनमास्तर रोज शेकडो वेळा एका मराठी ज्यू माणसाची आठवण पुकारतात आणि ती कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक जुनी खूण म्हणजे डोंगरीचा तुरुंग. १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांची रवानगी इथे झाली. १७ जुलैला आत गेलेले हे दोघे २६ ऑक्टोबरला बाहेर आले. बाहेर आल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिलं, आणि मराठी वाचकाच्या मनात डोंगरी कायमची राहिली ती त्यामुळे. कोठडीत रात्री त्यांच्या चर्चा इतक्या चढ्या आवाजात चालत की पहारेकऱ्यांना येऊन दटावावं लागे. हिंदी सिनेमाने मात्र डोंगरीला भाई लोकांचं गाव करून टाकलं. सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर तो तुरुंग होता. पुढे त्या जागेत मुलांचं निरीक्षणगृह आलं.

आता उंदीर. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात माणसं तापाने पटापट मरू लागली. जांघेत, काखेत गाठ येई आणि दोन-चार दिवसांत खेळ संपे. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस मूळचे गोव्याच्या हडफड्याचे. मांडवीत त्यांचा दवाखाना होता. शेजारच्या नवरोजी हिलच्या दाट वस्तीतले रोगी पाहून त्यांनी निदान केलं: हा गाठीचा ताप, प्लेग. धान्याची कोठारं, त्यांना लागून चाळी, चाळींत उजेडाचा ठिपका नसलेल्या खोल्या आणि मधून वाहणारी गटारं. उंदरांसाठी याहून सोयीची जागा साऱ्या मुंबईत नव्हती. पाठोपाठ डॉ. हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. तोवर लाखो लोक शहर सोडून गावाला पळाले होते. रेल्वेनेच पळाले, आणि प्लेगही त्यांच्याबरोबर गाडीत बसून पुण्याला, सोलापूरला, खेडोपाडी गेला.

त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता विल्यम मॅन्सफिल्ड, लॉर्ड सँडहर्स्ट. १८९५ ते १९०० अशी पाच वर्षं तो इथे होता, आणि मराठी माणसाने विसरू नयेत अशी ती वर्षं आहेत. पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर २२ जूनच्या रात्री झालेला चाफेकरांचा हल्ला, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची शिक्षा, हे सगळं १८९७च्या एका वर्षात याच्याच अमलाखाली घडलं. ज्या वस्तीत टिळकांनी पहिला तुरुंगवास भोगला, त्याच वस्तीच्या स्टेशनला पुढे त्या लाटसाहेबाचं नाव लागावं, याला योगायोगापलीकडे काही म्हणता येत नाही. पण योगायोग बोचरा आहे खरा.

त्याच्या पदरात एक काम टाकायला हवं. प्लेगने सरकारची झोप उडाली आणि १८९८मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. दाट वस्त्या पाडायच्या, समुद्राचा वारा गल्लीबोळांत खेळेल असे रुंद रस्ते काढायचे, जागोजागी नव्या चाळी बांधायच्या, असा बेत. त्यातला मोठा रस्ता गिरगाव चौपाटीच्या बाजूने निघून पूर्वेला डोंगरीपर्यंत नेला. तो सँडहर्स्ट रोड. कागदावर बेत देखणा होता. प्रत्यक्षात ट्रस्टचा पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून जास्त. ज्यांची खोली गेली ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत, आणखी दाटीवाटीने राहू लागले. गरिबाला बाजूला सारून रस्ता रुंद करण्याची मुंबईची सवय तेव्हापासूनची आहे.

रस्ता झाला तरी स्टेशन अजून झालं नव्हतं. भायखळा आणि मस्जिद यांच्यामध्ये तेव्हा एक ‘माझगाव’ नावाचं छोटं स्टेशन होतं. सँडहर्स्ट रोड आलं आणि माझगाव मोडीत निघालं. सँडहर्स्ट रोड आलं ते हार्बर लाइनच्या निमित्ताने.

१२ डिसेंबर १९१०ला कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बरची गाडी सुरू झाली. रे हेही एका गव्हर्नराचंच नाव. गाडी गोदीच्या अंगाने यायची आणि रे रोडला येऊन संपायची. तिथून फोर्टात जायचं तर पुढे ट्राम, घोडागाडी किंवा आपले पाय. व्हिक्टोरिया टर्मिनस जेमतेम चार-पाच किलोमीटरवर, पण ते अंतर कापायला रेल्वेला पंधरा वर्षं लागली. मधे पहिलं महायुद्ध येऊन गेलं. शिवाय वाटेत जागाच नव्हती. एका हाताला गोदी आणि वाडीबंदरचं मालधक्क्याचं पसरट आवार, दुसऱ्या हाताला डोंगरीची खच्चून भरलेली वस्ती आणि मध्ये मेन लाइन. खालून वाट नाही म्हटल्यावर रूळ वरून न्यायचे ठरले. डॉकयार्ड रोडकडून उंचावरून यायचं, मेन लाइनच्या डोक्यावरून जायचं आणि मस्जिदकडे खाली उतरायचं.

यासाठी स्कॉटलंडचं पोलाद. खांबांवर तुळया, तुळयांवर फलाट, फलाटावर छप्पर. १९२१मध्ये स्टेशन उभं राहिलं. विल्यम मॅन्सफिल्ड त्याच वर्षी, २ नोव्हेंबरला, इंग्लंडात वारला. ‘सँडहर्स्ट’ ही त्याची उपाधी बर्कशायर परगण्यातल्या एका गावावरून आलेली. लष्करी अधिकारी घडवणारी प्रसिद्ध संस्था आहे तेच हे गाव. तेव्हा नावाचा प्रवास असा झाला: इंग्लंडातलं गाव, गावावरून उपाधी, उपाधीवरून रस्ता, रस्त्यावरून स्टेशन. आणि स्टेशनात उतरणाऱ्याच्या तोंडी ‘सॅण्डस रोड’. ‘ह’, ‘र’, ‘स’ आणि ‘ट’ एवढे लागोपाठ उच्चारायला लोकलच्या दारात सवड नसते.

वर चढलेल्या रुळांनी एक नवीच अडचण करून ठेवली. मस्जिदकडून सँडहर्स्ट रोडला येणारा चढ उभा होता. वाफेच्या इंजिनाला मागे डबे ओढत तो चढायचा, वर थांबायचं आणि थांबल्यावर पुन्हा ओढ घ्यायची, हे दर काही मिनिटांनी करणं म्हणजे इंजिनाच्या छातीचा भाता फुटण्यातलाच प्रकार. त्यात धूर. रुळांच्या उंचीलाच आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्या. विजेच्या गाडीला मात्र चढाचं एवढं वावडं नसतं. प्रत्येक मोटारडब्याची स्वतःची मोटर, झटक्यात वेग घेणं, झटक्यात थांबणं, टोकाला पोचल्यावर इंजिन फिरवण्याची भानगड नाही. जीआयपीने विजेचा निर्णय घेण्यामागे या एकाच चढाचा हात होता असं नाही. उपनगरी गर्दी, कोळशाचा खर्च ही कारणं होतीच. पण हार्बरचा हा तुकडा विजेशिवाय नीट चालवणं अवघड होतं, हेही खरं.

३ फेब्रुवारी १९२५. व्हिक्टोरिया टर्मिनसवर गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी भारतातल्या पहिल्या विजेच्या गाडीचा शुभारंभ केला. १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह, वाडीबंदर आणि कुर्ल्याला उपकेंद्रं, मोजके चार डबे. गाडी मस्जिदहून चढाला लागली, धूर न सोडता, धाप न लागता वर आली आणि डोंगरीच्या घरांच्या खिडक्यांसमोरून कुर्ल्याकडे निघून गेली. देशात रेल्वेच्या विद्युतीकरणाची कथा सांगताना टर्मिनसचं नाव हटकून घेतात, कुर्ल्याचंही घेतात. ज्या चढावर त्या गाडीचा खरा कस लागला, त्याचं नाव कुणी घेत नाही. पश्चिम किनाऱ्याच्या बीबी अँड सीआय रेल्वेला कुलाबा-बोरिवली विजेवर चालवायला १९२८ उजाडलं. म्हणजे जवळपास तीन वर्षं हार्बरच पुढे होती. आजची हार्बर, जिच्यावर गाडी उशिरा आली की ‘हार्बर आहे, चालायचंच’ असं म्हणून लोक मोबाइलमध्ये डोकं घालतात!

गोदीच्या शेजारी राहणाऱ्याला गोदीचं बरं-वाईट सोसावं लागतं. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज लागलेलं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि वर कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या. स्फोटकांच्या शेजारी कापूस! युद्धाची घाई माणसाला काय काय करायला लावते. दुपारी कापूस धुमसू लागला. बंबवाले पाणी मारत राहिले. जहाज गोदीबाहेर न्यायचं की तिथेच बुडवायचं याचा निर्णय होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून मोठा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. जळत्या गासड्या उडून मांडवी आणि डोंगरीच्या बाजूला पडल्या, गोदामं पेटली, धान्य पेटलं, दिवसच्या दिवस धुमसत राहिलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मेलेल्यांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण सगळेच शेकड्यांच्या घरातले किंवा त्याहून मोठे. त्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो १४ एप्रिलपासूनच.

युद्धाच्या सेन्सॉरमुळे मुंबईत झालेल्या या प्रलयाची बातमी जगाला आधी जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दिली. इथल्या वर्तमानपत्रांना ती मोकळेपणी छापायला मे उजाडावा लागला. डोंगरीतल्या माणसांना अर्थात वर्तमानपत्राची गरज नव्हती. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गोदीच्या गाळात सापडत राहिल्या.

स्वातंत्र्यानंतरचा काळ भराभर सांगता येतो. १९५१मध्ये जीआयपी जाऊन मध्य रेल्वे आली. सँडहर्स्ट रस्त्याचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला. लाटसाहेब रस्त्यावरून गेला, पण स्टेशनावरून हलला नाही. आज स्टेशनात उतरून कुणी ‘सँडहर्स्ट रोड कुठे?’ असं विचारलं, तर टॅक्सीवाला त्याला परत स्टेशनच दाखवील. गोदीचं काम हळूहळू न्हावा-शेवाकडे सरकलं आणि पूर्व किनाऱ्याची वर्दळ ओसरली. एप्रिल २०१६मध्ये हार्बरवर १५०० व्होल्टचा डीसी बंद होऊन २५ हजार व्होल्टचा एसी आला. १९२५पासून चालत आलेली ती वीज अशी एका रात्रीत इतिहासजमा झाली. त्याच वर्षी हार्बरवर बारा डब्यांच्या गाड्या आल्या. चार डब्यांच्या मानाने आखलेल्या मार्गाला बारा डबे!

त्याच २०१६च्या जानेवारीत स्टेशनच्या उत्तरेचा हँकॉक पूल पाडला. मूळ पूल १८७९चा, पुन्हा बांधला तो १९२३मध्ये. माझगाव आणि डोंगरी यांना जोडणारी रोजची वाट तीच. पूल पाडला आणि नवा काही वेळेत झाला नाही. शाळेची मुलं, बाजारहाट करणाऱ्या बाया, म्हातारी माणसं रूळ ओलांडून पलीकडे जाऊ लागली. रुळांवर माणसं मेली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. नव्या पुलाचा एक भाग खुला झाला तो २०२२मध्ये. १९२१च्या कारभाऱ्यांनी स्कॉटलंडहून बोटीने लोखंड आणून दुमजली स्टेशन उभं केलं होतं. त्यानंतर शंभर वर्षांनी एवढासा पूल बांधायला साडेसहा वर्षं लागली. गोऱ्या साहेबाचं कौतुक करण्याची हौस असायचं कारण नाही. तरीही ही तुलना टळत नाही.

आता नावाचा प्रश्न निघाला आहे. जुलै २०२४मध्ये विधिमंडळाने मुंबईतल्या काही स्टेशनांची इंग्रजी नावं बदलण्याचा ठराव मंजूर करून केंद्राकडे पाठवला. करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी आणि सँडहर्स्ट रोडचं डोंगरी. त्यातच डॉकयार्ड रोडचं माझगाव. गंमत अशी की मेन लाइनवरचं माझगाव ज्याच्यामुळे गेलं, ते सँडहर्स्ट रोडच आता नावाने जाणार आणि माझगाव हार्बरवर, पुढच्या स्टेशनात उगवणार. डोंगरी हे नाव लाटसाहेबाहून जुनं आहे, कापडाहून जुनं आहे, टिळक-आगरकरांच्या कोठडीहूनही जुनं आहे. ते परत यायला हरकत घेण्यासारखं काही नाही. पाटी बदलून प्लेगचा आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा इतिहास पुसला जाईल, अशी भीती काही जण बोलून दाखवतात. पण तो इतिहास पाटीवर कधी लिहिलेलाच नव्हता.

तो लिहिला आहे तो खांबांवर. पाटीपेक्षा काळजी करावी ती त्यांची. मार्गांचा विस्तार, फलाटांची डागडुजी, सरकते जिने, हे सगळं लागणारच आहे आणि व्हायलाही हवं. जिना चढताना धाप लागणाऱ्या म्हाताऱ्याला ग्लेनगार्नॉकचं काय करायचं? पण उद्या हे पोलाद उतरवायची वेळ आली, तर ते भंगाराच्या भावात लिलावात जाऊ नये. निदान एक खांब, अक्षरांसकट, लोकांना दिसेल अशा जागी उभा करावा. आणि तोवर रेल्वेने रंगाऱ्यांना एवढंच सांगावं, की ‘१९२१’वर पुढचा हात जरा पातळ मारा.